नाशिकने वाइनमध्ये नवं काय केलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाइनमधलं सगळं तंत्र बाहेरून आलेलं दिसतं. द्राक्षाच्या जाती फ्रान्सच्या, टाक्या इटलीच्या, यीस्ट पाकिटातलं, सल्लागारही परदेशी. मग इथल्या हवामानाने, मातीने, बाजाराने या धंद्यात स्वतःचं काही घडवलं का? आणि कृषी शाखेच्या विद्यार्थ्याने पुढे यात काम करायचं तर कशावर करावं?

मी आधी बागेत आणि नंतर वायनरीत काम केलंय. त्यामुळे उत्तर बागेकडे जरा जास्त झुकेल, ते धरून चाला.

आयातीची यादी बरोबर आहे. फक्त एक गोष्ट आयात करता आली नाही, ती म्हणजे वेलीचं वर्ष. युरोपात वेल थंडीत पानं गाळून झोपते. मार्च-एप्रिलमध्ये डोळे, म्हणजे वेलीवरचे कोंब, फुटतात, जूनच्या आसपास फुलोरा येतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते आणि हिवाळ्यात एकदा छाटणी. पुस्तकातली सगळी वाइन-शेती या वेळापत्रकावर उभी आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सहाशे-एक मीटरवर. इथे वेल झोपतच नाही. मोकळी सोडली तर बारा महिने वाढत राहते. आणि युरोपच्या हिशेबाने उन्हाळ्यात घड धरले तर ते पिकायला येतात ऐन पावसात. तेव्हा बागेत केवडा, करपा आणि कूज या रोगांचंच राज्य असतं, तोडायला काही उरत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे दोनदा छाटणी आणि एकदाच पीक. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची: ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या कायमच्या आडव्या फांदीवर, एखाद-दुसरा डोळा ठेवून सगळं उतरवायचं. त्यातून नव्या काड्या येतात, पावसाळाभर त्या पिकतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. तिच्यातून येणारा माल जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तोडायचा. म्हणजे पावसाळा काडीच्या वाट्याला आणि कोरडी थंडी घडाच्या वाट्याला. जगातल्या कुठल्याही वाइन सल्लागाराने हे नाशिकला शिकवलेलं नाही. खायच्या द्राक्षांचे आपले बागाईतदार वाइन इथे रुजायच्या कितीतरी आधीपासून हेच करत होते. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० चा आहे, सुला या नाशिकच्या वायनरीची पहिली बाटली २००० सालची. नाशिकच्या वाइनचं सगळ्यात मोठं तंत्र थॉमसन सीडलेस या खायच्या द्राक्षाच्या मांडवाखालून आलंय, आणि वायनरीच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख फारसा सापडत नाही याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

एप्रिल छाटणीला लोक नुसती साफसफाई समजतात. खरं तर पुढच्या हंगामाचा घड तिथेच ठरतो. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांमध्ये ठरतं की आत घड बनायचा की नुसती बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू. त्या काळात कडक ऊन लागतं. ढगाळ हवा राहिली, काडीला नत्र आणि पाणी जास्त झालं, तर डोळा दिसायला टपोरा पण आतून पोकळ. काडीचा जोम मोडायला आपल्याकडे सबकेन करतात: काडीला सातेक पानं आली की शेंडा खुडायचा, बगलेतून आलेली फूट पुढे चालवायची. त्या गाठीच्या आसपासच्या डोळ्यांत घड चांगले बनतात. वाइनच्या तारेवरच्या बागेत प्रत्येक जण हे करत नाही, पण जोमदार खुंटावर (ज्या मुळांवर वेलीचं कलम बांधतात तो) असलेल्या बागेत त्याचा फायदा होतो.

आता जरा जवळून बघा. गोडी छाटणीच्या आधी शहाणा बागाईतदार बागेतून निवडक काड्या कापतो, जुडी बांधतो आणि तपासणीला पाठवतो. प्रयोगशाळेत एकेक डोळा ब्लेडने उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आत घड असेल तर फांद्या फुटल्यासारखा छोटा गठ्ठा दिसतो, नसेल तर बाळीचं सरळ टोक. अहवालात लिहून येतं: तिसऱ्या डोळ्यावर काही नाही, पाचव्या-सहाव्यावर घड आहे. त्यावरून कात्री कुठे चालवायची ते ठरतं. सरसकट दोन डोळ्यांवर छाटायचं हा फ्रेंच पुस्तकातला नियम इथे आंधळेपणाने चालवला तर घडच कापून टाकाल. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस लागला, ऊन मिळालं नाही आणि त्या हंगामात घड कमी निघाल्याची ओरड जिल्हाभर झाली. त्या वर्षी काडी तपासून छाटणाऱ्यांचं नुकसान टळलं असं नाही, पण निदान काय हातात येणार हे त्यांना आधी कळलं.

गोडी छाटणीची तारीख हा तर जुगारच. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटलं तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि केवडा तिला आठवडाभरात संपवतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस हटलाच नाही, तेव्हा लवकर छाटलेल्यांनी हे बघितलंय. उशीर केला तर माल मार्चच्या उन्हात जातो. छाटणीपासून तोडणीपर्यंत पांढऱ्या जातींना साडेचार महिन्यांच्या आसपास लागतात, काळ्या जातींना थोडे जास्त. त्यामुळे मधली खिडकी अगदी अरुंद. त्यात वेल झोपलेली नसल्याने सगळे डोळे एकसारखे फुटत नाहीत. म्हणून छाटल्याबरोबर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, बागेत त्याला डॉरमेक्स म्हणतात. युरोपातल्या थंडीचं काम इथे हे औषध करतं. पेठ-सुरगाण्याकडून आलेले मजूर हातमोजे घालून एकेक डोळा पुसत जातात. एक गंमत सांगतो: हे औषध शरीरात गेलं असेल तर दारू पचत नाही, चेहरा लाल होतो, छाती धडधडते. त्यामुळे वाइनच्या बागेत छाटणीच्या दिवसांत दारूबंदी सगळ्यात कडक असते.

एवढं झाल्यावर वायनरीतला खरा पेच सुरू होतो. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये द्राक्ष पिकतं तेव्हा हवा थंड होत जाते. आपल्याकडे उलटं. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागतो, ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि मग दिवसेंदिवस ऊन चढत जातं. जानेवारीत पहाटे आठ-दहा अंश, मार्चच्या मध्यावर दुपारी पस्तीसच्या वर. तिथे तोडणी चार दिवस लांबली तर कधी फायदाही होतो. इथे प्रत्येक दिवसाला आम्ल घटतं, पीएच चढतो, साखर पुढे पळते आणि साल-बियांमधलं तुरट टॅनिन मात्र पिकायला मागे राहतं. परदेशातून नवा आलेला वाइनमेकर पहिल्या हंगामात इथे गडबडतो तो याच कारणाने. त्याच्या अंगवळणी पडलेला संयम इथे महागात पडतो.

म्हणून इथलं नवेपण घाई कशी करायची या प्रश्नाभोवती फिरतं. एकाच जातीचे प्लॉट दहा-बारा दिवसांच्या अंतराने छाटायचे, म्हणजे सगळा माल एकदम अंगावर येत नाही. तोडणी पहाटे अंधारात, डोक्याला बॅटरी लावून, आणि ऊन तापायच्या आत क्रेट वायनरीत. पांढऱ्या द्राक्षाचा रस दाबायच्या आधीच थंड असला की निम्मं काम झालं. पुढे टाकीभोवतीच्या जॅकेटमधून ग्लायकॉलचं थंड द्रावण फिरवून आंबवण पंधरा-सोळा अंशांवर धरायचं. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत हे सांभाळताना जनरेटरचं डिझेल वाइनच्या हिशेबात मोठा खर्च होऊन बसलं होतं. टाकीला जाड इन्सुलेशन हवं, हे त्या दिवसांनी शिकवलं. जर्मनीतल्या थंड वर्षांत रसात साखर घालतात, आपण टार्टारिक आम्ल घालतो. यात लाजण्यासारखं काही नाही. किती आणि कधी, एवढाच प्रश्न. माझ्या मते आंबवणीच्या आधी घातलं तरच ते वाइनमध्ये मुरतं, शेवटी घातलेलं जिभेवर वेगळं बोचत राहतं.

जातींची निवडही याच चाळणीतून झाली. शनां ब्लां इथे रुजली कारण ती उन्हातही आम्ल धरून ठेवते, दक्षिण आफ्रिकेतही तिचं नाव त्याच गुणावर झालं. सोविन्यों ब्लां लवकर तोडली तर हिरवा, पेरूच्या पानासारखा वास टिकतो. काळ्यांत शिराझ सगळ्यात भरवशाची. पिनो नुआरची रेड वाइन नाशिकच्या पठारावर करायचा हट्ट मला समजत नाही. त्याच द्राक्षाची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, करा, मग बघा. स्पार्कलिंगसाठी द्राक्ष अठरा-एकोणीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), आम्ल भरपूर असतानाच तोडायचं असतं, म्हणजे जानेवारीतच. आमची अडचण तिथे सोय होते. भारतातल्या आधुनिक वाइनची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी केली, तीही स्पार्कलिंग वाइनने. मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने आपल्या शांदों या स्पार्कलिंग वाइनसाठी दिंडोरी निवडली, हेही मला योगायोग वाटत नाही.

नाशिक म्हणजे एकच हवामान असं समजू नका. त्र्यंबक-इगतपुरीकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. नाशिक शहरात सातशेच्या आसपास. पुढे निफाडला त्याहून कमी. सगळं पन्नास-साठ किलोमीटरच्या आत, सह्याद्रीच्या आडोशामुळे. निफाडला थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. तिथे खायच्या द्राक्षाचे मणी तडकतात म्हणून बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतो, ड्रिप सोडतो. वाइनवाला मात्र त्याच थंडीवर खूश, कारण आम्ल टिकतं. दिंडोरीकडच्या डोंगरउतारावरच्या मुरमाड, हलक्या जमिनीत वेल आटोक्यात राहते. गोदाकाठच्या काळ्या कसदार रानात ती नुसती पाला करते. काळी जमीन शेतकऱ्याच्या लेखी सोनं, वाइनच्या लेखी डोकेदुखी. हे समजावताना माझी शेतकऱ्यांशी सगळ्यात जास्त वादावादी झाली आहे. अकलूजला फ्रातेल्ली वायनरीने बाग लावली ती आणखी वेगळ्या, कोरड्या आणि उष्ण हवेत. तिथे सांजोवेझे ही इटालियन जात उभी राहिली. तिथला अनुभव नाशिकला जसाच्या तसा लागू होत नाही, उलटही नाही.

खुंटाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. युरोपात अमेरिकन खुंट आला तो एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने मुळं खाल्ली म्हणून. महाराष्ट्रात तो आला पाणी आटलं आणि क्षार वाढले म्हणून, प्रामुख्याने १९९० च्या दशकात. डॉगरीज खुंटाने दुष्काळी बागा वाचवल्या यात शंका नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यावर बरंच काम झालं आहे. पण हाच खुंट भारी जोमाचा. तो पालाशही (पोटॅशियम) भरपूर ओढतो. पालाश मण्यात गेलं की टार्टारिक आम्लाशी त्याचा क्षार बनून खाली बसतो आणि वाइनचा पीएच वर जातो. खायच्या द्राक्षाला याने फारसं बिघडत नाही, वाइनला बिघडतं. त्यामुळे वाइनच्या नव्या लागवडी ११०-आर किंवा ११०३ पॉलसनसारख्या खुंटांकडे वळल्या. कारण वेगळं असलं की तेच तंत्र वेगळे प्रश्न उभे करतं. तयार उत्तर उचलण्याआधी ते मुळात कशाचं उत्तर होतं हे बघायला हवं.

याची दुसरी बाजू ब्राझीलमध्ये दिसते. तिथल्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात, विषुववृत्तापासून जेमतेम नऊ अंशांवर, पाऊस फार कमी आणि पाणी नदीचं. तिथे पाणी तोडून वेल झोपवतात, सोडून जागी करतात. वर्षात दोन पिकं निघतात आणि एका बाजूला छाटणी तर दुसऱ्या बाजूला तोडणी चालू असते. आपल्याला हे जमणार नाही, कारण चार महिने नळ आभाळाच्या हातात असतो. पण त्याच देशाच्या आग्नेयेला, मिनास जेराइसच्या डोंगराळ भागात, उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि द्राक्ष नेमकं तेव्हाच पिकायचं. तिथल्या संशोधकांनी २००० नंतर दुहेरी छाटणी आणली आणि तोडणी कोरड्या हिवाळ्यात ढकलली. शिराझ तिथे त्यामुळे नावारूपाला आली. त्यांनी आपलं पाहून केलं असं मी म्हणत नाही. पण पाऊस आणि वेल यांचं नातं तेच असेल, तर माणूस त्याच कात्रीपाशी येतो.

हवामानाबद्दल इतकं बोललो, पण कायदा, कर आणि जीभ हीसुद्धा प्रदेशाचीच परिस्थिती. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. बाजार मात्र तेवढा नव्हता. २००८-०९ ची मंदी आली, माल पडून राहिला आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. करारात वाइनच्या द्राक्षाचं एकरी वजन बांधलेलं असतं, खायच्या द्राक्षाच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे वायनरीने पैसे थकवले की शेतकऱ्याकडे दुसरा आधारच नसतो. खायचं द्राक्ष निर्यातीला नाही गेलं तर मनमाडच्या, भुसावळच्या बाजारात तरी जातं. शिराझ खाणार कोण? मणी लहान, साल जाड, आत बिया.

दारूची जाहिरात करायला बंदी, प्रत्येक राज्याचा कर आणि परवाना वेगळा. मग गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं कसं? गिऱ्हाइकालाच बागेत बोलवायचं. सुलाने २००५ मध्ये गंगापूर धरणाजवळ टेस्टिंग रूम उघडली ती याच अडचणीतून. मुंबई-पुण्याहून मोटारीने येण्याजोगं अंतर असल्याने ते चाललं. नाशिकमध्ये वाइन पर्यटन हा गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा महत्त्वाचा रस्ता झाला. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, त्यावर मोठा वाद झाला आणि तो अमलात आला नाही. त्यामुळे बागेतल्या विक्रीचं महत्त्व आजही तितकंच आहे.

जिभेचं म्हणाल, तर आपल्याकडे वाइन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोव्याची गोड पोर्ट येत असे. बंगलोर ब्ल्यू द्राक्षाची, दाट, जांभळी. त्या चवीवर वाढलेल्या माणसाला एकदम कोरडी, कडक टॅनिनची रेड दिली तर तो दुसऱ्यांदा येत नाही. थोडी साखर राखलेली शनां ब्लां हा त्यावरचा समझोता. काही जाणकार नाकं मुरडतात. मला तो उत्तम निर्णय वाटतो: कोल्हापुरी रश्श्याबरोबर किंवा मालवणी कालवणाबरोबर कोरडी कॅबर्ने घेऊन बघा, तिखट दुप्पट लागतं. आणि बाटलीला बुचाऐवजी फिरकीचं झाकण. दुकानात बाटल्या उभ्या, एसी नाही, मे महिन्यात आतलं तापमान चाळिशीला. बूच सुकतं, हवा आत जाते. परदेशात या झाकणावर परंपरेचे वाद झाले, आपल्याकडे फारसे झाले नाहीत. कारण राखायला परंपराच नव्हती.

हा मोकळेपणा मात्र कमी लेखू नका. बोर्दोमध्ये कोणती जात लावायची हे नियमाने ठरतं. तापमान वाढतंय म्हणून सहा नव्या जातींना परवानगी मिळाली ती २०२१ मध्ये, आणि तीही मर्यादित प्रमाणात. नाशिकमध्ये झिनफँडेल, व्हियोन्ये, टेंप्रानियो, कुणीही काहीही लावू शकतं. याचा तोटा असा की प्रत्येक वायनरी आपापल्या बांधाच्या आत प्रयोग करते आणि नोंदी बाहेर देत नाही. तीच चूक चार ठिकाणी चारदा होते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. टाक्या, यीस्ट, बॅरल यांच्या मागे लागू नका, ते विकत मिळतं. पहिलं काम: नाशिकच्या उजेडात आणि थंडीत डोळ्यात घड कधी बनतो, याच्या वाइनच्या जातीवार नोंदी. थॉमसनबद्दल खूप माहिती आहे, सोविन्यों ब्लांबद्दल फार थोडी, आणि मेमधला पाऊस वाढला तर हाच प्रश्न सगळ्यात आधी अंगावर येईल. दुसरं, रोगाला दाद न देणाऱ्या जाती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटॉबा आणि ब्युटी सीडलेसच्या संकरातून एआरआय-५१६ ही रसाची जात काढली, ती केवड्याला बऱ्यापैकी तोंड देते. तिच्या वाइनला लॅब्रुस्का या अमेरिकन द्राक्षाचा वास येतो, पण आई-बापांची निवड बदलून पुढे जाता येईल. अवकाळी आणि गारपिटीवर खायच्या द्राक्षवाले प्लास्टिकचं आच्छादन घालायला लागलेत. वाइनच्या द्राक्षाच्या भावात तो खर्च निघत नाही, त्यामुळे आपल्याला जातीच्याच वाटेने जावं लागेल. तिसरं, आणि तुमच्यासारख्याला एका हंगामात करता येण्याजोगं: एकाच गावातले तीन-चार शेतकरी गाठा, एकच जात, एकच खुंट, छाटणीच्या तारखा वेगवेगळ्या. पाणी उतरल्यापासून दर चार दिवसांनी शंभर-शंभर मणी वेचून ब्रिक्स, आम्ल आणि पीएच मोजा. मणी घडाच्या वरून, मधून, खालून आणि वेलीच्या दोन्ही बाजूंनी घ्या, नाहीतर पश्चिमेकडचे उन्हातले मणी तुम्हाला फसवतील. रिफ्रॅक्टोमीटर आणि पीएच मीटर कॉलेजात असतातच. हा तक्ता घेऊन कुठल्याही वाइनमेकरकडे गेलात तर तो तुम्हाला खुर्ची देईल, कारण त्याच्याकडे फक्त स्वतःच्या बागेचा असतो.